पुढील वर्षांचा हिशेब : राष्ट्राचें हवामान-धोरण आणि तरुण पिढी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. ज्यांनीं या धर्मग्रामाचा पाया घातला, ज्यांनीं आपल्या तुटपुंज्या मिळकतींतून वर्गणी दिली, ज्यांनीं मुलांसाठीं शाळा काढली, त्यांचें कृतज्ञ स्मरण आज सकाळपासून चाललेंच आहे. चालकांनीं मला जो विषय नेमून दिला आहे तो मात्र पुढें पाहण्याचा आहे. राष्ट्राचें हवामानविषयक धोरण ठरवितांना तरुण पिढीला कोणतें स्थान असावें, हा तो विषय होय. असले प्रश्न दिल्लीदरबारीं सुटावयाचे, त्यांची चर्चा आपल्या अंगणांत कशाला, असें कोणी म्हणेल. त्यांना माझें उत्तर इतकेंच कीं, ज्या नांवानें आपण आजचा सण साजरा करीत आहों, त्या जुबिली या शब्दाच्या पोटांतच हा प्रश्न दडलेला आहे.

जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय आपणांपैकीं अनेकांनीं वाचला असेल. इस्राएल लोकांचा असा नियम होता कीं, दर पन्नासाव्या वर्षीं विकलेली जमीन मूळच्या कुटुंबाकडे परत जावी. अडचणींत सांपडलेल्या बापाला शेत विकतां येई. परंतु तें कायमचें विकण्याचा अधिकार त्याला नव्हता. खरें पाहतां तो जमीन विकीतच नसे. पुढील महोत्सवापर्यंत जितकीं पिकें निघतील तितकींच विकीत असे, आणि तीं वर्षें मोजूनच किंमत ठरत असे. चालू पिढीनें जमिनीचा उपभोग खुशाल घ्यावा, पण पुढच्या पिढीचा वांटा फुंकून टाकूं नये, हें त्या नियमाचें मर्म. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा जो मुद्दा मांडला, तोहि याच जातीचा आहे. आज त्या न्यायाचा कस हवामानाच्या प्रश्नावर लागत आहे.

प्रथम प्रश्नाचें स्वरूप थोडक्यांत समजून घेऊं. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायु जाळल्यानें कार्बन डायऑक्साइड नांवाचा वायु हवेंत जातो. धूर विरतो, वास जातो. पण या वायूचा बराच भाग शतकानुशतकें वातावरणांत टिकून राहतो आणि पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. जी वस्तु सांचत जाते तिचा हिशेब वर्षाच्या वर्षाला मिटत नाहीं. तापमानवाढ अमुक अंशापुढें जाऊं द्यावयाची नसेल, तर आतांपासून एकंदर किती वायु सोडतां येईल, याची मर्यादा शास्त्रज्ञांना काढतां येते. ती मर्यादा म्हणजे कुटुंबाची सामाईक ठेव समजा. थोरल्या भावानें त्या ठेवींतून अधिक उचल केली, तर धाकट्याच्या वांट्याला तितकें कमी उरणार. आणि धाकटा अद्याप पाळण्यांत असेल, तर त्याची संमति कोणी घेतली?

२०१५ सालच्या पॅरिस करारान्वयें राष्ट्रांनीं ठरविलें कीं, ही वाढ दोन अंशांच्या बरीच खालीं राखावी, ती दीड अंशावर रोखण्याची शिकस्त करावी, आणि प्रत्येक राष्ट्रानें दर पांच वर्षांनीं आपली योजना जगापुढें ठेवावी. तेव्हां हवामान-धोरण म्हणजे शेवटीं आंकडे आणि तारखा : कोणत्या सालापर्यंत किती वायु कमी करावयाचा, आणि तो कोणीं कमी करावयाचा. भाषणें कोणत्याहि पक्षाचीं असोत, खरें धोरण त्या कोष्टकांत असतें. तरुणांचा प्रश्न नेमका त्या कोष्टकापाशींच येऊन भिडतो. हें कसें घडतें तें समजण्यासाठीं तीन देशांचीं उदाहरणें मी आपणांपुढें ठेवतों, आणि मग आपल्या घराकडे येतों.

पहिलें उदाहरण जर्मनीचें. तेथें डिसेंबर २०१९ मध्यें हवामानरक्षणाचा कायदा अंमलांत आला. १९९० च्या मानानें २०३० पर्यंत वायूंचें उत्सर्जन निदान ५५ टक्क्यांनीं कमी करावयाचें ठरलें. वीज, कारखाने, वाहतूक, इमारती, शेती अशा प्रत्येक विभागानें दर वर्षीं किती वायु सोडावा, याचें कोष्टकहि कायद्याला जोडलें होतें. कायदा वाईट नव्हता. पण कोष्टक २०३० पाशीं संपत होतें. त्यापुढील वर्षांचे आंकडे सरकारनें २०२५ मध्यें ठरवावे, एवढें सांगून कायदा थांबला होता.

कांहीं तरुणांनीं हें कोष्टक वाचलें. त्यांत उत्तर समुद्रांतील एका लहानशा बेटावर शेती करणाऱ्या कुटुंबांतील तरुण होते; विद्यार्थी-चळवळींतून पुढें आलेली लुईझा नॉयबाउअर ही तरुणी होती; नेपाळ आणि बांगलादेश येथील अर्जदारहि होते. त्यांचे व इतरांचे अर्ज तेथील घटना-न्यायालयापुढें एकत्र आले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा होता : २०३० पर्यंतचें ओझें हलकें ठेवलें आहे, उरलेलें सारें आमच्या डोक्यावर येणार आहे. त्या वेळीं आम्ही ऐन कर्तेपणाच्या वयांत असूं. ठेव जवळजवळ संपलेली असल्यामुळें घर बांधणें, प्रवास करणें, धंदा काढणें, या प्रत्येक गोष्टीवर एकाएकीं कडक निर्बंध घालण्यावांचून त्या काळच्या सरकारला गत्यंतर उरणार नाहीं. आजची सवलत आमच्या उद्यांच्या स्वातंत्र्यांतून कापून घेतली जात आहे.

न्यायालयानें २४ मार्च २०२१ रोजीं निर्णय दिला आणि २९ एप्रिल रोजीं तो प्रसिद्ध झाला. अर्जदारांचें सारेंच म्हणणें मान्य झालें नाहीं. २०३० चें उद्दिष्ट घटनाबाह्य आहे असें न्यायालयानें म्हटलें नाहीं, आणि परदेशच्या अर्जदारांना दाद मिळाली नाहीं. मुख्य मुद्दा मात्र पूर्णपणें मान्य झाला. एका पिढीनें थोड्या कष्टांत ठेवीचा मोठा भाग खर्चावा आणि पुढच्या पिढीवर आमूलाग्र त्यागाची पाळी आणावी, हें मूलभूत स्वातंत्र्यांशीं जुळत नाहीं. म्हणून २०३० नंतरचें कोष्टक २०२२ च्या अखेरीपूर्वीं कायद्यांत यावें, असा तो निर्णय होता. सरकारनें तितकी वाट पाहिली नाहीं. थोड्याच आठवड्यांत दुरुस्ती तयार झाली आणि जून २०२१ मध्यें संसदेनें ती मंजूर केली : २०३० पर्यंत ६५ टक्के, २०४० पर्यंत ८८ टक्के, आणि २०४५ पर्यंत निव्वळ शून्य, म्हणजे जितका वायु सुटेल तितकाच परत शोषला जाईल अशी स्थिति. पुढें २०२४ मध्यें विभागवार वार्षिक बंधनें बरीच सैल करण्यांत आलीं, हेंहि सांगितलें पाहिजे. मिळालेल्या न्यायालाहि पहारा लागतो.

दुसरें उदाहरण आपल्याच खंडांतील, दक्षिण कोरियाचें आहे. मार्च २०२० मध्यें तेथील १९ अल्पवयीन मुलांनीं व तरुणांनीं घटना-न्यायालयाकडे अर्ज केला. मागाहून त्याला आणखी अर्ज येऊन मिळाले. त्यांपैकीं एकांत अर्जदार म्हणून लहान बालकें होतीं, आणि त्यांत आईच्या उदरांत असलेल्या एका जीवाचाहि समावेश होता. तेथील कायद्यानें २०३० चें उद्दिष्ट सांगितलें होतें, २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर येण्याचें वचनहि दिलें होतें. मधल्या १९ वर्षांसाठीं मात्र एकहि आंकडा नव्हता. विहिरीला कांठावर एक पायरी बांधावी, तळाशीं दुसरी बांधावी, आणि मधल्या पायऱ्या उतरणाऱ्यानें बांधून घ्याव्या असें म्हणावें, तशी ती गोष्ट होती. २९ ऑगस्ट २०२४ रोजीं न्यायालयानें २०३० च्या उद्दिष्टाला हात लावला नाहीं. परंतु मधल्या पायऱ्या नसणें हें राज्यघटनेशीं विसंगत ठरविलें, आणि कायदा दुरुस्त करण्यास फेब्रुवारी २०२६ च्या अखेरपर्यंत मुदत दिली.

तिसऱ्या उदाहरणाचा प्रारंभ वर्गांत झाला. पॅसिफिक महासागरांत वानुआतु नांवाचें बेटांचें राष्ट्र आहे. तेथील लोकवस्ती तीन लक्षांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. २०१५ सालीं ‘पाम’ नांवाच्या चक्रीवादळानें त्या देशाची वाताहत केली; २०२० मध्यें ‘हॅरोल्ड’ आलें; आणि २०२३ च्या मार्चमध्यें तर एका आठवड्यांत दोन वादळें येऊन आदळलीं. साऊथ पॅसिफिक विद्यापीठाचें कायद्याचें शिक्षण याच देशांत दिलें जातें. तेथील २७ विद्यार्थ्यांनीं २०१९ सालीं अशी कल्पना काढली कीं, हवामानाच्या बाबतींत राष्ट्रांचीं कायदेशीर कर्तव्यें कोणतीं, आणि तीं मोडल्यास परिणाम काय, याविषयीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचें अभिमत मागवावें. असा प्रश्न न्यायालयापुढें ठेवण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना नव्हता. म्हणून त्यांनीं पॅसिफिकमधील राष्ट्रांच्या पुढाऱ्यांना पत्रें लिहिलीं. वानुआतुच्या सरकारनें विद्यार्थ्यांची ती कल्पना उचलली आणि आपल्या परराष्ट्रधोरणांत तिला प्रमुख स्थान दिलें.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. २९ मार्च २०२३ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें त्या अर्थाचा ठराव विरोधावांचून संमत केला. १३० हून अधिक राष्ट्रें त्याचीं सहप्रस्तावक झालीं. डिसेंबर २०२४ मध्यें हेग येथें दोन आठवडे सुनावणी चालली व ९६ राष्ट्रांनीं तींत आपलें म्हणणें मांडलें. २३ जुलै २०२५ रोजीं न्यायालयानें एकमुखानें अभिमत दिलें कीं, राष्ट्रीय योजना म्हणजे मनाला येईल तें लिहिण्याचा कोरा कागद नव्हे. तींत प्रत्येक राष्ट्राचा आपल्या शक्तीप्रमाणें अधिकांत अधिक प्रयत्न दिसला पाहिजे. आणि कर्तव्यभंगानें हानि झाल्यास भरपाईचा प्रश्नहि उपस्थित होऊं शकतो. हें अभिमत म्हणजे हुकूमनामा नव्हे. तथापि यापुढें कोणत्याहि देशाच्या संसदेंत वा न्यायालयांत हा विषय निघाला कीं त्या अभिमताचा आधार दिला जाईल; आणि त्याचें मूळ २७ विद्यार्थ्यांच्या पत्रांत आहे, हें कोणाला नाकारतां येणार नाहीं.

या तिन्ही ठिकाणीं तरुणांनीं काय केलें? आम्हांला गादीवर बसवा, असें ते म्हणाले नाहींत. जर्मनीत व कोरियांत त्यांनीं कोष्टक वाचलें, त्यांतील रिकामा रकाना शोधला, आणि त्यावर बोट ठेवलें. वानुआतुंत साऱ्या राष्ट्रांच्या कर्तव्याबद्दलच मौन होतें, त्या मौनावर त्यांनीं बोट ठेवलें. मग ही रिकामी जागा मोठ्यांना कां दिसली नव्हती? ते कांहीं दुष्ट नव्हते. पण लोकशाहींत सरकारची मुदत चार-पांच वर्षांची, आमदार-खासदारांची नजर पुढच्या निवडणुकीवर, आणि अधिकाऱ्याची आपल्या निवृत्तीवर. यांपैकीं कोणाचाहि हिशेब २०४० पर्यंत पोंचत नाहीं. ज्याला २०४० मध्यें घर चालवावयाचें आहे, त्यालाच त्या वर्षाचा रकाना रिकामा दिसतो. म्हणून धोरण ठरवितांना तरुणांना बोलावणें ही त्यांच्यावर मेहेरबानी नाहीं. ज्यानें जमाखर्च लिहिला त्यानेंच तो तपासूं नये, हा प्रत्येक पेढीचा जुना नियम आहे. पुढील वर्षांच्या जमाखर्चाचे तपासनीस होण्याचा अधिकार पुढील वर्षें जगणाऱ्यांचा आहे. माझ्या सबंध भाषणाचें सार एवढेंच आहे.

याला जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप अनुभवाचा. वीजघर कसें चालवावें, लाखो घरांना अखंड वीज कशी पुरवावी, हें वीस वर्षांच्या मुलाला काय कळणार? आक्षेप खरा आहे; वीजघर अनुभवी माणसांनींच चालवावें. पण हिशेब ठेवणें वेगळें आणि हिशेब मागणें वेगळें. हिशेब मागण्याला चिकाटी, प्रामाणिकपणा आणि अभ्यास लागतो. जर्मनीतील तरुणांनीं शास्त्रज्ञांचे आंकडे पुढें ठेवले, म्हणूनच न्यायालयानें त्यांचें ऐकलें.

याच आक्षेपाची दुसरी बाजू तरुणांनीं लक्षांत घ्यावी. सारे तरुण एका विचाराचे नसतात. चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणीवर ज्याच्या घरची चूल पेटते, त्या तरुणाला ‘कोळसा बंद करा’ हे शब्द कसे ऐकूं येत असतील? पहाटे जाळें घेऊन समुद्रांत जाणारा, औद्योगिक शाळेंत शिकून पहिल्या नोकरीची वाट पाहणारा, भाताच्या खाचरांत उभा असलेला, हेहि तरुणच आहेत. शहरांतील इंग्रजी बोलणाऱ्या चार मुलांना दिल्लीस नेऊन त्यांचें छायाचित्र छापलें म्हणजे तरुणांचा सहभाग झाला, असें कोणी समजूं नये. खाणीवरच्या तरुणाला पर्यायी धंदा कोणत्या वर्षीं आणि कोणत्या पैशानें मिळेल, हाहि धोरणांतील एक रकाना आहे. आणि तो रिकामा राहिला, तर बाकीचे भरलेले रकाने अन्यायाचे ठरतील.

दुसरा आक्षेप असा कीं, आपला देश गरीब. दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनहि कमी. हवा बिघडविली श्रीमंत राष्ट्रांनीं, तर त्याग आम्हीं कां करावा? यांतील तथ्य नाकारणें अन्यायाचें होईल. मोठा भार श्रीमंत राष्ट्रांनींच उचलला पाहिजे. परंतु या युक्तिवादानें एका राष्ट्राचा वांटा दुसऱ्याच्या मानानें ठरतो. आपल्या राष्ट्राच्या वांट्याला जें काम येईल तें आजच्या पिढीनें किती करावें आणि उद्यांच्या पिढीवर किती ढकलावें, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो. शेजाऱ्यानें आपलें शेत गिळलें ही तक्रार रास्त असली, तरी उरलेल्या शेतांतील धाकट्याचा वांटा थोरल्याला त्यामुळें विकतां येत नाहीं.

तिसरा आक्षेप म्हणजे, कायदे करणें हें न्यायालयाचें काम नव्हे. हेंहि खरें; म्हणूनच जर्मनीत काय आणि कोरियांत काय, न्यायालयानें स्वतः आंकडा लिहिला नाहीं; तो लिहिण्याचें काम संसदेकडे परत पाठविलें. आणि न्यायालयाची पायरी चढावी लागणें हें अपयशाचेंच लक्षण आहे. मसुदा लिहिला जात असतांनाच तरुणांना विचारलें असतें, तर तो रकाना रिकामा राहता ना.

आतां आपल्या देशाकडे वळूं. नोव्हेंबर २०२१ मध्यें ग्लासगो येथें भारतानें जाहीर केलें कीं, २०७० पर्यंत आपण निव्वळ शून्यावर येऊं. ऑगस्ट २०२२ मध्यें सरकारनें २०३० साठीं दोन मोठीं उद्दिष्टें कायम केलीं : राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागें होणारें उत्सर्जन २००५ च्या मानानें ४५ टक्क्यांनीं कमी करावयाचें, आणि विजेच्या एकंदर उभारलेल्या क्षमतेपैकीं निम्मी क्षमता कोळसा-तेलाव्यतिरिक्त साधनांची करावयाची. यांतील दुसरें उद्दिष्ट जून २०२५ मध्यें, म्हणजे पांच वर्षें आधींच, गांठलें गेलें. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत भेद आहे. रात्रीं सूर्य नसतो, वारा कधीं पडतो, आणि म्हणून प्रत्यक्ष विजेचा बहुतेक भाग अजून कोळशांतूनच येतो. आज वीस वर्षांचा असलेला तरुण २०७० सालीं पासष्टीच्या घरांत असेल. त्याचा सबंध कर्तेपणाचा काळ या शून्याकडे चालण्यांत जावयाचा आहे. वाटेवरचे टप्पे कोणते, कोणत्या वर्षीं कोणता, आणि कोणाच्या खर्चानें, हें विचारण्याचा त्याच्याइतका हक्क दुसऱ्या कोणाला आहे?

आपल्या न्यायालयांतहि हा विषय येऊन गेला आहे. २०१७ सालीं उत्तराखंडांतील एका नऊ वर्षांच्या मुलीनें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. २०१९ च्या जानेवारींत तो निकालांत काढण्यांत आला आणि तिला दाद मिळाली नाहीं. पुढें माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्या एका खटल्यांत २१ मार्च २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मान्य केलें कीं, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ व २१ या कलमांत येतो. हक्क मान्य झाला. तो व्यवहारांत उतरविणारें कोष्टक अजून लिहावयाचें आहे.

तें लिहिलें जात असतांना तरुणाला दार कोठें आहे? आमच्या घटनेनें तरुणाला एकाएकीं सारे अधिकार दिले नाहींत, पण दारें बंदहि ठेवलीं नाहींत. मतदानाचें वय २१ वरून १८ करणारी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अंमलांत आली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस २१ व्या वर्षीं उभें राहतां येतें, लोकसभेच्या २५ व्या, राज्यसभेच्या ३० व्या. आणि ग्रामसभेंत तर निवडून येण्याचीहि गरज नाहीं; गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव आहे तो १८ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी त्या सभेची हक्काची सभासद आहे. गांवचा पाणवठा, तळें, खारफुटी, सांडपाणी, पडीक जमीन, हे विषय तेथें निघतात. आणि राष्ट्राच्या धोरणाचा शेवटचा धागा याच विषयांना येऊन बांधला जातो.

दुसरें दार पुष्कळांना ठाऊक नसतें. २०१४ सालीं केंद्र सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, कोणत्याहि नव्या कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढें ठेवावा व त्यांच्या सूचना मागवाव्या. तें नेहमीं पाळलें जातेंच असें नाहीं. पण जेव्हां मसुदा बाहेर येतो, तेव्हां तो वाचून त्यावर लिहावयास कोण बसतो? येथें भाषेचा प्रश्न येतो. २०२० सालीं प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीचे नवे नियम मसुद्याच्या रूपानें प्रसिद्ध झाले, ते इंग्रजी व हिंदी भाषांत. सारा देश त्या वेळीं महामारीनें घरांत कोंडलेला होता. ३० जून २०२० रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें हरकती पाठविण्याची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली, आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील भाषांत त्याचें भाषांतर करण्यास सांगितलें. त्या भाषांत आपली मराठीहि आहे. देशांतून लाखों हरकती गेल्या व त्या पाठविणारांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. ज्याच्या गांवांत खाण किंवा बंदर यावयाचें आहे, त्याला त्याचा नियम स्वतःच्या भाषेंत वाचतां येऊं नये, याहून मोठा अडसर कोणता?

वडीलधाऱ्या मंडळींना मी येथें विनंति करतों. आपल्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेंत हिशेब तपासलेले आहेत, कचेऱ्यांत सरकारी इंग्रजी कोळून प्यालेले आहेत. मसुदा निघाला कीं तो सोप्या मराठींत उतरवून तरुणांपुढें ठेवणें, हें काम आपल्याशिवाय कोण करणार? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समितीनें बेसुमार बांधकामें आणि पाण्याचा उपसा यांविरुद्ध लोकांना जागें केलें. फादर २०२४ सालीं आपणांतून गेले. पण साधा शेतकरी सरकारी आराखड्याबद्दल जाब विचारूं शकतो, हा धडा त्यांनीं घालून दिला आहे. तो पुढच्या पिढीच्या हातीं देणें आपलें काम आहे. आणि एक गोष्ट आपण सर्वांनींच मनाशीं तपासून पाहावी. सभेच्या खुर्च्या मांडावयास तरुण, गाणें म्हणावयास तरुण, पण ठराव करावयाच्या वेळीं दाराबाहेर तरुण, असें आपल्याच संस्थांत होत असेल, तर दिल्लीला कोणत्या तोंडानें सांगावें?

तरुण मित्रांनो, तुम्हांलाहि दोन शब्द सांगतों. रोपटें लावून छायाचित्र काढणें सोपें आहे. आंकड्यांचें कोष्टक वाचणें कंटाळवाणें आहे. कंटाळवाणें काम आधीं करा. महिन्यांतून दोन संध्याकाळीं एकत्र बसा. मुंबई महानगरपालिकेनें मार्च २०२२ मध्यें आपला हवामान-आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर येण्याचें ठरविलें, तो वाचा. देशाच्या योजना वाचा. प्रत्येक ठिकाणीं एकच प्रश्न विचारा : या वर्षानंतर काय? जेथें उत्तर नसेल तेथें नम्रपणें पण स्पष्ट शब्दांत पत्र लिहा. खालीं आपलें नांव, वय आणि गांव घाला. उत्तर न आलें तर पुन्हां लिहा. कोळशावर जगणाऱ्याचा द्वेष करूं नका. त्याचा प्रश्न आपल्या पत्रांत घाला. वानुआतुच्या विद्यार्थ्यांपाशीं शाई आणि कागद यांहून अधिक बळ नव्हतें, आणि त्यांच्या पत्रापासून हेगच्या अभिमतापर्यंत सहा वर्षें लागलीं, हें स्मरणांत ठेवा.

आणखी पन्नास वर्षांनीं या धर्मग्रामाचा शतकमहोत्सव भरेल, तेव्हां २०७० साल मागें पडलेलें असेल. आजच्या सभेंतील तरुण त्या वेळीं पुढच्या रांगेंत वृद्ध म्हणून बसलेले असतील. शेत परत मिळालें कीं गहाण पडलेलेंच राहिलें, हें त्यांना त्या दिवशीं दिसेल. त्या शेताच्या कागदावर आज सही कोण करतो, आणि ती करण्यापूर्वीं कोणाला विचारतो, एवढें पाहणें आपल्या हातांत आहे.